एका टाकीला एक बाटली

भिकमचंदभाऊंनी मोटारसायकलची टाकी कधी भरलीच नाही. जळगावात डाळीचं दुकान चांगलं चाललेलं, पण टाकी भरली की पुतणे गाडी पळवतात, हा त्यांचा धोशा. रोज सकाळी अर्धा लिटर पेट्रोल, बस्स!

गाडी धक्के खायला लागली तेव्हा त्यांनी कार्बोरेटर साफ करायचं औषध आणलं. बाटलीवर लिहिलं होतं, एका टाकीला एक बाटली. भाऊंनी अख्खी बाटली त्या अर्ध्या लिटरात ओतली आणि बायकोला, भंवरीबाईंना, मागे बसवून निघाले.

रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर, गाडी फटफटली आणि बंद पडली. भोंगा वाजला. दांडे खाली यायला लागले. भाऊ सीटवरूनच किक मारत राहिले.

"अहो, उतरा!" भंवरीबाई ओरडल्या. भाऊ उतरेनात. शेवटी त्यांनीच खाली उडी मारली, पदर खोचला आणि भाऊंसकट गाडी फाटकाबाहेर ढकलली. पाठोपाठ मालगाडी धडधडत गेली.

फाटकाशेजारीच सत्तारभाईंचं गॅरेज. त्यांनी कार्बोरेटर खोलला. टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून आत अडकला होता. बाटलीचं कळल्यावर ते भडकलेच.

"भाऊ, हे औषध भरलेल्या टाकीत घालायचं असतं! तुमची टाकी जन्मात कधी भरली होती का?"

भंवरीबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"भरली होती ना," त्या म्हणाल्या. "लग्नात. माझ्या वडिलांनी ही गाडी दिली तेव्हा."