एका शिंगाची शेळी

ओदिल मॅडम अबू धाबीच्या खलिफा सिटीत आमच्याच व्हिलाच्या तळमजल्यावर राहतात आणि आमच्या दियाला शाळेत फ्रेंच शिकवतात. त्या वर आल्या की दिया पाठ ताठ करून बसते. बाई मात्र सरळ माझ्या ओट्याशी येतात, परातीतल्या कणकेत बोट खुपसून बघतात आणि म्हणतात, "अजून मळ." माझ्या सासूबाईंनीही मला असं कधी ऐकवलं नाही.

वय साठीच्या आसपास, केस आखूड, आणि उन्हाने रापलेले शेतकरणीसारखे हात. खडूपेक्षा पिठातच ते जास्त शोभतात.

त्यांचं गाव फ्रान्सच्या डोंगरात, मोंतारेल नावाचं. जेमतेम शंभर माणसांचं. एक चर्च, कपडे धुवायचा दगडी हौद आणि एक गावभट्टी. पूर्वी घरोघरी भट्टी पेटवण्याइतकं सरपण नसायचं, म्हणून अख्ख्या गावाचे पाव तिथेच भाजायचे. मग कुणाचा पाव कुठला, हे कळणार कसं? त्यासाठी प्रत्येक घराचा एक लाकडी ठसा. कुणाचा मासा, कुणाची किल्ली. कच्च्या पावावर ठसा दाबायचा आणि मग तो भट्टीत सारायचा.

ओदिल मॅडमच्या घराचा ठसा शेळीचा. समोरच्या घराचाही शेळीचाच, कारण फार पूर्वी दोन भाऊ वेगळे झाले आणि शेळी कुणीच सोडेना. शेवटी धाकट्याने आपल्या शेळीचं एक शिंग तासून टाकलं. तेव्हापासून हे घर एका शिंगाचं.

आता तिथेही पाव दुकानातून येतो. पण नोव्हेंबरात एक दिवस भट्टी पेटते आणि सगळी घरं आपापले ठसे काढतात. ओदिल मॅडम त्यासाठी दरवर्षी रजा टाकून जायच्या. आई थकली तेव्हा तिने ठसा लेकीच्या हातात ठेवला आणि तो अबू धाबीत आला.

गेल्या वर्षी आई गेली. भाऊ आणि या, दोघांनी मिळून घर विकलं. क्लेर नावाची तरुण मुलगी आणि तिचा नवरा तिथे राहायला आले. आणि उन्हाळ्यात क्लेरचा फोन आला, ठसा कधी पाठवताय? गावाचा रिवाजच तसा. ठसा घराचा असतो, माणसाचा नाही.

"मी नाही देणार," बाई मला म्हणाल्या. आम्ही इंग्रजीत बोलतो, रागावल्या की त्या त्यात मोडकं हिंदी घालतात. "आई नाही, घर नाही. माझं तिथे काय राहिलंय, छाया? एवढा लाकडाचा तुकडा तरी मेरा रहने दो."

सुजीतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लॅपटॉपमधून मान वर न करता तोडगा काढला. "सिंपल आहे मॅडम. डुप्लिकेट करा, ते पाठवून द्या. खलास!"

बाई लाजल्या, पण त्यांना ते पटलं.

आम्ही शारजाला राहायचो तेव्हापासून तिथल्या रोल्ला भागातला मुनीर सुतार माझ्या ओळखीचा. त्याच्याकडे ठसा देऊन आलो. महिन्याभराने घ्यायला गेलो, तेव्हा उमटवून बघायला मी डब्यातून कणकेचा गोळा नेला होता. मुनीरने वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ठसे टेबलावर ठेवले. बाईंनी नवा दाबला. एका शिंगाची शेळी, हुबेहूब! मग त्यांनी जुना दाबला आणि त्यांचा चेहराच उतरला.

शेळीला दोन शिंगं होती.

मुनीर खुशीत म्हणाला, "मॅडम, पुराने वाले का सींग टूटा हुआ था। कॉपी बन गई, फिर सोचा इसका भी जोड़ दूँ। अपनी तरफ़ से।"

"ये क्या किया!" बाई ओरडल्या. "ही आमची नाही! ही समोरच्यांची शेळी आहे! भट्टीतून पाव निघाला की तो त्यांच्या घरी जाईल!"

मुनीर बिचारा माझ्याकडे बघायला लागला. आणि मी, मला तरी काय सुचावं, बोलून गेले, "पण मॅडम, हा तर तुम्ही भिंतीवर लावणार होतात ना? याचा पाव भट्टीत जाणारच कुठे?"

बाईंनी जुना ठसा उलटा केला आणि मागची मूठ अंगठ्याने चाचपत राहिल्या. ती हात लागून लागून गुळगुळीत झाली होती.

"हो," त्या म्हणाल्या. "मी त्याला खुंटीला टांगणार होते."

मग त्यांनी ठसा मुनीरपुढे सरकवला. "सींग निकालो."

"निकालूँ?" मुनीरला हसावं की रडावं कळेना. "लोग जुड़वाने आते हैं, आप तुड़वाने आई हो?"

"हां. पहले जैसा. धीरे से."

त्याने बारीक पटाशी लावून जोडलेलं लाकूड सोडवलं, जागा तासली, घासली. बाई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, अगदी माझ्या कणकेवर वाकतात तशा. परत उमटवून बघितलं. एक शिंग.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुना ठसा क्लेरच्या नावाने रवाना केला. मी विचारलं, "नक्की? नवा पाठवला असतात तरी त्यांना कळलं नसतं."

"मला कळलं असतं की," त्या म्हणाल्या.

नोव्हेंबरात या वर्षी त्या गेल्या नाहीत. भट्टीच्या दिवशी क्लेरने व्हिडिओ कॉल केला, तेव्हा त्या माझ्याच स्वयंपाकघरात होत्या. पडद्यावर धूर, टोप्या, गलका. भट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ओग्युस्तने लांब फळीने एक पाव बाहेर ओढला, ठशावरून अंगठा फिरवला आणि कुणालाही न विचारता क्लेरच्या हातात दिला. ती पोर आनंदाने काहीतरी ओरडली आणि तिने पाव उलटा करून कॅमेऱ्यापुढे धरला.

दिया मला कानात म्हणाली, "ममा, शी इज क्राइंग."

खरंच, बाईंचे डोळे भरले होते. पण त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, चष्मा वर सारला आणि पावाचं बूड नीट निरखलं. मग फ्रेंचमध्ये फाडफाड काहीतरी बोलल्या. पलीकडे क्लेर मान डोलवत ऐकत होती.

"काय म्हणाल्या गं?" मी दियाला विचारलं.

दिया हसू दाबत म्हणाली, "शी सेड इट्स बर्न्ट. अँड नेक्स्ट इयर, अजून मळ."