कोऱ्या पंचनाम्यावरची सही

चांदे गावात मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहतो, त्या घरमालकीण मावशींनी मला तोंड उघडायला लावलं. त्यांचं आधी सांगून ठेवतो. पुढचं वाचल्यावर माझ्याबद्दल चांगलं बोलावं असं फारसं काही उरणार नाही.

मी वाशीम जिल्ह्यातला. शाळा आठवीत सुटली. इथे एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. जवळच्या पोलीस चौकीला पंच लागले की आम्हा गेटवाल्यांनाच बोलावणं येई. गावातली माणसं कोर्टकचेरी नको म्हणून टाळायची. आम्ही मात्र नेहमी सापडायचो, आणि नाही म्हणायची आमची हिंमत नव्हती. तिथले हवालदार मला खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे आणि हसत म्हणायचे, "या पंचसाहेब." घरापासून इतक्या लांब मला साहेब म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. कागद कोरा असायचा. खाली सही करायची, वरचं ते नंतर भरायचे. मी झोकात सही करायचो, शेवटी एक रेघ ओढून.

सोसायटीत नळांची चोरी झाली आणि एका प्लंबरला उचललं. मी त्याला ओळखत होतो. येता-जाता गेटवर थांबून तो माझ्याकडे काडेपेटी मागायचा. दुपारी मला चौकीत बोलावलं तेव्हा तो भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. चपला बाजूला पडलेल्या. त्याचे तळपाय काळेनिळे होऊन इतके सुजले होते, की चपलेत गेलेच नसते. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं. मी हवालदारांकडे बघितलं. ते म्हणाले, आधी सह्या होऊ देत.

मी सह्या केल्या. भराभर केल्या. लवकर आटपलं तर त्याला लवकर पाणी मिळेल, असं मनाला सांगत केल्या. मग चहा प्यायलो आणि ड्युटीवर निघून आलो. पाणी दिलं की नाही ते बघायला थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्याने न्यायाधीशांना पाय दाखवले. दवाखान्यात तपासणी झाली, आणि हवालदारांची खात्यामार्फत चौकशी लागली. त्यांच्या बाजूने एकच भक्कम कागद होता: अटकेचा पंचनामा. अंगावर ताजी जखम नाही, असं त्यात लिहिलेलं, आणि खाली माझी सही. मला जबाबासाठी नोटीस आली.

त्याच संध्याकाळी हवालदार गेटवर आले. आवाज गोडच होता. म्हणाले, पंचनामा वाचून सही केली आणि जखमा दिसल्या नाहीत, एवढंच बोलायचं. जाता जाता त्यांनी विचारलं, "भाडेकरू म्हणून नोंद झालीये ना तुमची? नाहीतर घरमालकावर केस बसते."

नोंद झालेली नव्हती. मी घरी जाऊन मावशींना सांगितलं, खोली सोडतो, गावी जातो, माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको. त्या तांदूळ निवडत होत्या. का ते विचारलं, तेव्हा प्लंबरच्या पायांच्या जखमांबद्दलची ती नोटीस दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"त्याचं पाय बगितलं व्हतंस का तू?"

"बघितले."

"मग खोली कशापायी सोडतुयास? जे बगितलं ते सांग की."

मी म्हणालो, तुमच्यावर केस होईल. त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुजी नोंद मी करीन. लई दिस ऱ्हायलीय, चूक माजी हाय. तुजी चूक माज्या पदराआड लपवू नगंस."

इतकं खरं मला कोणी तोंडावर बोललं नव्हतं. मी त्यांच्या काळजीने नाही, स्वतःच्या भीतीने पळत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या आम्हा चारही भाडेकरूंची आधार कार्डं पिशवीत घालून चौकीत गेल्या आणि पोच घेऊनच उठल्या. हवालदार म्हणाले म्हणे, मावशी, आज बरी आठवण झाली. यांनी उत्तर दिलं, "तुमीच करून दिलीसा." जबाबाच्या दिवशीही त्या माझ्यासोबत एसटीने आल्या, पण आत आल्या नाहीत. म्हणाल्या, हितनं पुढं तुजं तू.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी पंचनामा मोठ्याने वाचला. माझ्या सहीच्या वर काय लिहिलंय ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. 'आम्ही पंचांनी समक्ष पाहून' असं त्यात तीनदा होतं. मी सांगितलं, कागद कोरा होता आणि त्याचे पाय सुजलेले होते. साहेबांनी वर बघितलं.

"मग कोऱ्या कागदावर सही का केलीत? धमकी दिली होती?"

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण त्या दिवशी कोणी धमकी दिली नव्हती.

"नाही साहेब. ते मला पंचसाहेब म्हणायचे."

लिहिणाऱ्याचा हात थांबला. साहेबांनी विचारलं, हे पण लिहू का? मी म्हणालो, लिहा.

बाहेर प्लंबर काठीला धरून बसला होता. मी त्याच्यासमोर थांबलो. तो पाय थोडे आत घेऊन म्हणाला, "जा, तुझी गाडी चुकेल." रागावून नाही, एखाद्या अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

हवालदार निलंबित झाले. चौकशी अजून संपलेली नाही. सोसायटीने मला गेटवरून काढून मागच्या पंपाकडे लावलं, पण काम टिकलं. आता मनात येतं ते असं, की त्याआधी मी अशा किती कागदांवर सह्या केल्या ते मला आठवतही नाही. त्यांच्यावर काय लिहिलं गेलं, त्या कागदांनी कोण आत गेलं, काही ठाऊक नाही. मी फक्त एकाचे पाय पाहिले.

मावशींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आठवल तसं त्या सायबाला लिऊन धाड. मी लिहायला घेतलंय. मावशींची दोन्ही मुलं परदेशात आहेत आणि कोर्टात जमिनीचा दावा त्या एकट्या लढतायत. कधीतरी त्यांना खरं बोलणारा माणूस सोबत लागेल. त्या दिवशी कामाला रजा टाकून मी त्यांच्याबरोबर जाईन, आणि पाहिलं असेल तेवढंच बोलेन.