एकवीस नंबरची बाई

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. 'नॉर्मल' रक्त हवं असलं की गावभर हिंडायचं नाही, आधी आपल्याच बाह्या वर करायच्या. त्या वर्षी ते फारच हवं होतं. हार्मोन मोजायचं किट परदेशातून यायचं आणि सोबतच्या कागदावर नॉर्मल बाईचे आकडेही तिकडचेच. मी सरांना, म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइडना, विचारलं, पुण्यातल्या बाईला तिकडच्या मापानं किती दिवस मोजायचं? सर म्हणाले, "मग मोज की तुझ्या मापानं."

मोजलं. नियम मीच लिहिले: वय पस्तिशीच्या आत, पाळी नियमित, औषध कुठलंही चालू नाही. पाळीच्या तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचं. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर. एकवीस नंबर माझा होता.

मेंदूकडून एक हार्मोन निघतं, अंडाशयाला हाक मारायला. अंडाशय दाद देईनासं झालं की मेंदू आणखी मोठ्यानं ओरडतो, आई मला सकाळी उठवायची तसा. बाकी बायकांचे आकडे जवळजवळ बसले. एकवीसचा कुठच्या कुठे वर. माझं अंडाशय सत्ताविसाव्या वर्षीच थकायला लागलं होतं. पुढच्या पाळीला पुन्हा रक्त काढून पाहिलं, पुन्हा तेच. रडले. का नाही रडणार? मला मुलं हवी होती, आणि लग्न महिन्यावर आलं होतं. मुलगा कोथरूडचा, सॉफ्टवेअरमधला, अमेरिकेला निघालेला.

सरांनी आलेख पाहिला. त्या एकट्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवून म्हणाले, "हा काढून टाक. नॉर्मलमध्ये असली बाई नको."

"सर, ती मी आहे."

सर चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "मग तर नक्कीच काढ. कुणाला कळणार नाही."

त्यांची माया मला कळली आणि तिचाच जास्त राग आला. म्हटलं, "नियम आधी ठरवले, रक्त नंतर घेतलं. नियमात मी बसते. आता आकडा आवडला नाही म्हणून बाईच वगळायची? मग तो परदेशी कागद काय वाईट होता? ठिपका राहील, सर."

बिबवेवाडीला घरी येऊन आईला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "त्या पोराजवळ एक अक्षर काढू नकोस. लग्न झाल्यावर बघू."

"फसवून लग्न करू?"

"अगं बाई, जग काय तुझ्या लॅबसारखं चालतं का?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटले आणि सगळं सांगून टाकलं. "डोंट वरी, आपण मॅनेज करू," म्हणाला. चार दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणे.

पत्रिका! आम्ही बौद्ध, तेही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतल्यापासून आमच्या घरात पत्रिका नावाचा कागद नाही. माझी आई फोनवरच जी कडाडली! "अहो ताई, पत्रिका तुम्हाला सापडली कुठं? आमच्याकडे तर कुणी काढलेलीच नाही! खरं बोलायला जीभ अडखळत असेल तर आमच्या पोरीकडून शिका जरा." फोन आपटला आणि माझ्याआधी तीच हमसाहमशी रडली. डोळे पुसून म्हणाली, "तो ठिपका खोडलास तर याद राख."

काही महिन्यांनी सेमिनारमध्ये मी तो आलेख पडद्यावर लावला. सर पहिल्याच रांगेत होते. मागून एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. "मॅडम, तो वरचा ठिपका चुकून राहिलाय बहुतेक. ही बाई नॉर्मल कशी?"

सरांनी मान खाली घातली. मी माइक जवळ ओढला.

"महिन्याच्या महिन्याला पाळी येते. रोज स्वारगेटला बस बदलून कामाला येते. लग्न मोडलं तरी दोन वेळा जेवते. आपल्याला शंका असेल तर तिलाच विचारा ना, समोर उभी आहे. पुढचा प्रश्न?"