वीराच्या छातीवरच्या रेघा

माझ्या भावाला आणि मला एक वेड आहे. हजारेक वर्षांपूर्वी आपल्या भागातले शिपाई लढाईला निघताना अंगावर काय घालत असतील ते शोधायचं आणि स्वतःच्या हातांनी तसंच बनवून बघायचं. लातुरात माझा शिवणक्लास आहे. भाऊ माझ्याहून लहान, त्याचं नांदेडला ग्रिल-गेटचं वर्कशॉप. आम्ही वाढलो निलंग्यात. तिथल्या जुन्या शिवालयाच्या भिंतीवरच्या मूर्ती बघायची सवय तेव्हापासूनची. मी मूर्तीच्या नेसूची निरी कुठे खोचलीय ते बघायची आणि तो तिच्या हातातलं हत्यार बघायचा. पुढे दोघांचे संसार झाले, मुलं मोठी झाली, आणि मग कधीतरी फोनवर बोलता बोलता आम्ही त्याच भिंतीपाशी परत आलो.

या कामात मोठी अडचण अशी, की त्या काळचं कापड उरलेलं नाही आणि चामडंही नाही. उरलेत ते दगड. देवळांवरच्या मूर्ती आणि गावोगावचे वीरगळ. गावाची गुरं सोडवताना किंवा लढताना जो मेला, त्याच्या आठवणीत उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. खालच्या भागात त्याची लढाई कोरलेली असते, मधल्या भागात अप्सरा त्याला वर नेत असतात, आणि सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. आम्ही असे कितीतरी दगड बघितले होते. जवळजवळ प्रत्येक वीर उघड्या अंगाचा. कमरेला आखूड वस्त्र, वर शेला, शेल्यात कट्यार, बस्स.

मग कंधार तालुक्यातल्या एका गावचा फोटो भावाच्या मोबाईलवर आला. त्याच्या वर्कशॉपमध्ये गेट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने पाठवलेला. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला वीरगळ, आणि लढणाऱ्या वीराच्या छातीवर आडव्या रेघा.

भावाचा लगेच फोन. "अक्का, चिलखत हाय ते. पक्कं."

"दगडाला तडे गेले असतील."

"तडे इतके सरळ जातेत का?"

मला वाटत होतं तो कापूस भरून टाचलेला अंगरखा असावा. टाके सरळ ओळीत घातले की अशाच रेघा उमटतात. मी जाड हातमागाचं कापड आणलं, मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून तांबडं रंगवलं, आत पिंजलेला कापूस घातला आणि आपण वाकळीला घालतो तसा धावदोरा घालत अख्खा हिवाळा तो अंगरखा शिवला. सुई शिरता शिरेना. बोटांना भोकं पडली. भावाने तोपर्यंत लाकडाची ढाल केली, तिला चामडं मढवलं, आणि बिनधारेची एक कट्यार ठोकून काढली. आता तो दगड प्रत्यक्ष बघणं बाकी होतं.

हरभरा काढायचे दिवस होते. मी सकाळच्या एसटीने अहमदपूरमार्गे कंधारला उतरले. भाऊ गाडी घेऊन आला होता. डिकीत सगळं सामान होतं. शिवाय रंग जुळवून बघायला आणलेल्या तांबड्या-पिवळ्या चिंध्या, सरबतासाठी लिंबं, आणि वाटेत मी घेतलेला एक नारळ. लोक ज्याला पुजतात त्याच्यापुढे हात हलवत कसं जायचं, म्हणून घेतलेला.

गावात थांबून कुणाला विचारावं, हे आमच्या मनातच आलं नाही. बांध रस्त्यालाच लागून होता. आसपासच्या शेतांत माणसं कामाला होती, पण लांब. आम्ही चपला काढल्या, नमस्कार केला, नारळ निघताना वाहू म्हणून डिकीतच ठेवला आणि बघायला बसलो.

शेंदराचा थर जाड होता, त्यामुळे समोरून काही दिसत नव्हतं. त्याला हात लावायचा नाही हे आमचं ठरलेलंच. अशा वेळी आम्ही आरसा वापरतो. उन्हाची तिरीप बाजूने दगडावर पाडली की बारीक खोलगट भागात सावली धरते आणि कोरलेलं वर येतं. भाऊ आरसा धरून हळूहळू तिरपा करत होता आणि मी गुडघ्यावर बसून टेपने मापं घेत होते. रेघा खऱ्या होत्या. त्या कोरलेल्या होत्या, तडे नव्हते. पण एक कोडं होतं. वीराच्या डाव्या बाजूला त्या एकमेकींना चिकटून होत्या आणि उजव्या बाजूला लांब लांब. मी इतक्या वाकड्या ओळी कधी शिवल्या नसत्या आणि कुठल्या शिंप्यानेही शिवल्या नसत्या.

"आरसा दाखवून काय करून राहिले हितं?"

मी वळून बघितलं. हातात विळा घेतलेला एक माणूस बांधावर उभा होता. चाळिशीचा असेल. मागून आणखी माणसं हरभऱ्यातून चालत येत होती, आणि रस्त्यावर एक मोटारसायकल आमच्या गाडीच्या पुढ्यात आडवी लागली होती. आरशाचा झोत लांबच्या शेतांपर्यंत चमकत गेला असणार, हे मला तेव्हा कळलं.

"दगड बघायला आलो," भाऊ म्हणाला. "आम्ही जुन्या काळच्या कपड्यांचा अभ्यास करतो."

"कपड्यांचा? दगडाला कपडे असतेत का?" तो पुढे आला. "टेप कामून लावला? किती खोल खांदायचं ते मोजून राहिले न्हाई का?"

मग त्याने पायाने बांधाच्या पलीकडचं गवत बाजूला केलं. वीरगळाच्या मागेच एक अर्धवट बुजलेला खड्डा होता. आम्ही तो बघितलाच नव्हता. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी गुप्तधनाच्या नादात तो खणला होता. जोडीच्या दुसऱ्या वीरगळाचे तेव्हा तुकडे झाले होते आणि ते तुकडे तिथेच गवतात पडले होते. विळा घेतलेल्या त्या माणसाचंच ते शेत होतं, आणि या दोन्ही दगडांची पूजा त्याच्या घराकडे होती.

त्याच्या जागी मी असते तर मलाही हाच संशय आला असता.

"गाडी उघडा," मागून कुणीतरी म्हणालं.

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. डिकीत काय काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. नाही म्हणावं तर संशय पक्का होणार होता. भावाने किल्ली काढली, तर एका पोराने ती हातातून ओढूनच घेतली.

डिकी उघडली आणि सगळे पुढे वाकले. तांबड्या चिंध्या, लिंबं, नारळ, कट्यार.

एक बाई "अगं माय" म्हणत मागे सरली. कुणीतरी मोबाईल वर धरून व्हिडिओ काढायला लागलं, आणि तो काढता काढता बोलतही होतं, "गुप्तधनवाली टोळी धरली बघा, बाई बी हाय संगं." शेताच्या मालकाने भावाची कॉलर धरली. भावाने त्याच्यावर हात उचलला नाही, हे मी देवाचे उपकार मानते. तो एरवी तापट आहे.

"दादा, सोडा त्याला," मी म्हणाले. "तो लाल कपडा उचलून बघा. मी शिवलाय तो. हात लावून बघा."

कुणी हात लावेना. शेवटी मालकाची बायको पुढे झाली. तिने अंगरख्याची कड दोन बोटांत धरली, उलटी केली.

"वाकळ हाय की ही," ती म्हणाली. "टाके घातलेत."

"हाव, वाकळच," मी म्हणाले. "पण अंगात घालायची. तुमच्या वीराच्या अंगात हाय तशी. माझ्या भावाला घालते, तुम्हीच ताडून बघा. खोटं निघालं तर पोलिसांत द्या."

"पोलिसांत तर द्यायचंच हाय," मालक म्हणाला. पण कॉलर सोडली.

गावचे पोलीस पाटील तेवढ्यात पोचले. वय झालेले, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घालू द्या. पळून कुठं जातेत?"

अशी मी भावाला त्या बांधावर, सगळ्या माणसांसमोर कपडे घालायला लागले. त्याने शर्ट काढला. मी अंगरखा डोक्यावरून ओढला, बाजूचे बंद बांधायला घेतले, तर गाठ बसेना. कमरेला शेला गुंडाळला. कट्यार मी मागितली. ज्याच्या हातात होती तो देईना. पोलीस पाटलांनी त्याच्याकडून घेतली, बोटाने धार चाचपली, आणि माझ्या हातात ठेवली. मी ती शेल्यात खोचली.

"तशी न्हाई," गर्दीतून एकजण म्हणाला. "दगडावर आडवी हाय."

"उभी हाय."

"आडवी हाय, नीट बघ की!"

दोघा-तिघांनी दगडाजवळ जाऊन वाकून बघितलं. मग भावाने ढाल घेतली आणि तिच्यावरून सुरू झालं. तिथल्या लोकांनी इतकी वर्षं दगडावरच्या ढालीला सूप समजलं होतं. कुणी म्हणे वीर धान्य पाखडणारा, कुणी म्हणे छे, ते सूपच नव्हे. आवाज चढले, पण आता ते आमच्यावर चढत नव्हते.

"हात वर कर," मी भावाला म्हणाले. "वीरासारखा. तलवारीचा हात वर, ढालीकडे वाक."

तो वाकला. ऊन सरळ तोंडावर, आत कापूस भरलेला, त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. आणि मला अंगरख्याच्या ओळी दिसल्या. वर उचललेल्या हाताखाली कापड ताणलं गेलं होतं, तिथे ओळी लांब लांब झाल्या होत्या. ढालीकडच्या बाजूला, जिथे तो वाकला होता, तिथे कापड दबून ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या.

मी दगडाकडे बघितलं. तिथे तेच होतं. कोरणाऱ्याने वाकड्या ओळी कोरल्या नव्हत्या. त्याने वाकलेला माणूस कोरला होता.

भोवती कोण आहे ते मी विसरले. "बघ, बघ," असं ओरडत मी भावाच्या बरगडीवर बोट ठेवत होते, मग दगडाकडे, मग पुन्हा त्याच्या बरगडीवर. मालकाची बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने एकदा दगड बघितला, एकदा भावाला बघितलं.

"म्हंजे थंडीत मेला का वो हा? इतकं जाड घातलंय."

"न्हाई. तलवार लागू नये म्हणून."

"तरी बी लागलीच," ती म्हणाली.

मालक मात्र विरघळला नाही. "हे सगळं झालं," तो म्हणाला, "पण मला कसं कळावं? ते खांदणारे बी असंच कायतरी सांगत असतील." आम्हाला त्याने कंधारच्या ठाण्यात नेलंच. आमच्याच गाडीत, पुढे पोलीस पाटील, मागे मी, आणि माझ्या शेजारी मालक, विळा मांडीवर ठेवून. भावाच्या अंगात अजून अंगरखा होता, कारण घामाने बंद आवळले होते आणि ते सोडायला कुणी वेळ दिला नाही. तसाच तो गाडी चालवत होता. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

ठाण्यात दुपार गेली. भावाच्या मोबाईलमधले फोटो बघितले गेले. वर्कशॉपला फोन झाला, माझ्या क्लासला झाला. माझ्या नवऱ्याला झाला, तो मला सगळ्यात जड गेला. शेवटी तिथल्या साहेबांनी आम्हाला समज दिली की विचारल्याशिवाय कुणाच्या बांधावर जायचं नाही, आणि सोडलं. मालक बाहेर पायरीवर बसला होता. त्याला गावी सोडायला भावाने गाडी काढली, तर तो नको म्हणाला, एसटीने जातो. मग जाता जाता थांबला.

"फोडला ना त्यो दगड," तो म्हणाला, "तवापासून आई जेवताना रोज त्येच काढती. तिला काय सांगावं कळत न्हाई."

भाऊ एवढंच म्हणाला, "चुकलं आमचं. गावात सांगून यायला पाहिजे होतं."

परतताना लोह्याजवळ भावाने गाडी कडेला घेतली. त्याला स्टिअरिंग धरवेना. मी बंद सोडले तेव्हा त्याच्या काखेत वळ उठले होते. "अक्का, त्या व्हिडिओत माझं तोंड हाय," तो म्हणाला. "माझी पोरगी बघंल." मी पाण्याची बाटली दिली. मला ओळी जुळल्याचा आनंद झाला होता, आणि त्याचा तो चेहरा बघून तो आनंद तोंडावर आणायची लाज वाटत होती.

व्हिडिओ फिरला. भावाच्या काही गिऱ्हाइकांनी चेष्टा केली, काहींनी गेटचं काम दुसरीकडे नेलं. त्याने ढाल माळ्यावर टाकली आणि पावसाळा संपेपर्यंत या विषयावर एक शब्द काढला नाही. मी एकटीच जात राहिले, पण आता रीत बदलली. आधी सरपंचांना फोन, मग गावातल्या कुणातरी बाईच्या घरी चहा, मग दगड. काम फार हळू चालतं. कुठे कुठे नाही म्हणतात, आणि मी परत येते.

त्या बांधावर मी श्रावणात पुन्हा गेले. मालकाला फोन करून. तो फार बोलला नाही, पण शेतातून बाजूला होऊन माझं काम होईपर्यंत उभा राहिला. तुकड्यांचे मी फोटो काढले आणि ते जुळवून अख्ख्या दगडाचं एक चित्र त्याला काढून दिलं. त्याने ते आईला दाखवलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी भावाचा फोन आला. बोलणं नेहमीचंच, पोरांच्या परीक्षा, हवा, आईचे गुडघे. मग म्हणाला, "अक्का, दुसरा अंगरखा शिवणार असशील तर काखेत जागा सोड. लई काचतो."

"किती सोडू?"

"ये नांदेडला. मापं घे."