दत्तूने न केलेली सही

फाल्गुनातल्या सकाळी आमच्या वाडीत ओल्या मातीचा आणि केळीच्या सोपटांचा गोडसर, किंचित कुजका वास भरून राहिलेला असतो, आणि वारा पश्चिमेचा असला तर पाचूबंदरच्या वाळत्या बोंबलांचा वासही त्यात येऊन मिसळतो. कोवळं ऊन आधी नायगावच्या अंगाला उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या काचांवर पडतं आणि मग उरलंसुरलं आमच्या अंगणात उतरतं. अशा वेळी दत्तू सायकलवरून जाताना दिसला की समजावं, आता नळाला पाणी येणार.

दत्तू आमच्या गावचा पाणी सोडणारा. मिठागरावर राबणाऱ्या घरातला. ऐन विशीत ग्रामपंचायतीने त्याला कामावर ठेवलं आणि त्याच कामात त्याचे केस पांढरे झाले. त्याच्या मुलीला मी शाळेत शिकवलं, म्हणून तो मला 'बाई' म्हणतो आणि मी सांगितलेलं सहसा मोडत नाही. या त्याच्या सवयीचं मला वर्षानुवर्षं कौतुक वाटत आलं होतं.

गाव शहराच्या महापालिकेत घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळे पेटून उठलो होतो. शहर आलं की आमच्या वाड्या, आमच्या विहिरी, मोगऱ्याचे ताटवे सारं गिळून बसणार असं आम्हाला मनापासून वाटत होतं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. पुढारी होते नाना. ते बोलायला उभे राहिले की माणसं जेवणाची वेळ विसरत. माझं अक्षर बरं, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. त्या धामधुमीत दत्तूसकट पंचायतीच्या पाच नोकरांना शहराच्या कायम नोकरीत सामावून घेण्यासाठी संमतीचे छापील अर्ज आले, आणि आमच्यातल्या कुणीतरी म्हणालं, या पाचांनी सह्या केल्या तर गावानेच शहर मान्य केलं असा अर्थ निघेल. झालं. गावदेवीपुढे नारळ ठेवून शपथ झाली, की पाचांपैकी कुणीही सही करायची नाही. शपथेचा मजकूर मी लिहिला, वाचूनही मीच दाखवला. वाचताना माझा कंठ दाटून आला होता आणि मला माझाच फार अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

गाव जायचं तसं शहरात गेलं. पंचायतीची पाटी उतरली, आणि सही नसल्यामुळे दत्तू ठेकेदाराचा माणूस म्हणून पूर्वीसारखंच पाणी सोडू लागला. बाकीचे चौघंही तसेच ठेक्यावर असणार, असं मी धरून चालले होते. दरम्यान, ज्यांनी गाव शहरात नेलं त्यांच्याच बाजूने उभं राहून नाना निवडून येऊ लागले. त्याचंही कुणाला फारसं नवल वाटलं नाही. माणूस आपला, मग झेंडा कुठला का असेना. यंदाच्या निवडणुकीनंतर मात्र पाण्याचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं. नवा गडी, नवं राज्य. महिनाअखेरीनंतर येऊ नकोस, असा दत्तूला निरोप आला, आणि मी छान अक्षरात एक अर्ज लिहून त्याला नानांकडे घेऊन गेले.

नानांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. दत्तू भिंतीला टेकून उभा राहिला. अर्ज न वाचताच बाजूला ठेवत नाना अगदी मायेने म्हणाले, "बाई, ठेकेदार आपली माणसं आणणारच. दत्तू कायम असता तर त्याला हलवायची कुणाची छाती नव्हती. बाकीचे चौघं बघा, कसे निवांत आहेत."

"चौघं कायम आहेत?" मी विचारलं.

"म्हणजे काय? तेव्हाच सह्या केल्या त्यांनी. देवीला दुसरा नारळ दिला, माफी मागितली, शपथ उतरवली. मीच घेऊन गेलो होतो त्यांना. पोराबाळांची माणसं, बाई. दत्तूलाही विचारलं होतं, तोच नाही म्हणाला."

चौघांतला एक नानांचा सख्खा पुतण्या होता. मी दत्तूकडे पाहिलं. तो गुळगुळीत फरशीकडे बघत होता.

परतताना आम्ही मिठागरांच्या बांधावरून आलो. उन्हात पांढरे ढीग डोळ्यांना खुपत होते. तुला हे ठाऊक होतं का, असं मी न राहवून विचारलं.

"व्हतं की," तो म्हणाला. "पन तुमी वाचून दाखवलेलं, बाई. दुसऱ्या नारलानं ते कसं पुसनार?"

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. सातिवलीच्या एका गोदामात पहारेकरी हवा होता, पण त्यांना चाळिशीच्या आतला हवा, हेही त्याने सहज सांगितलं. त्याच्या शेजारून चालताना मला पहिल्यांदाच उमगलं, की ज्या शपथेने माझा कंठ दाटला होता तिच्यात माझं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. माझी नोकरी सरकारी शाळेतली. गाव शहरात गेलं काय न् राहिलं काय, निवृत्तीचं वेतन मला घरबसल्या मिळणारच होतं. आम्ही गाव राखायला निघालो होतो, आणि त्यासाठी पुढे केलेली भाकरी मात्र दत्तूची होती. आता हे कुणापाशी कबूल केलं तरी त्याला काय उपयोग?

परवा सकाळी तो फाटकाशी आला. रस्त्यावर ठेकेदाराचा नवा माणूस मोटरसायकलला टेकून उभा होता. दोन दिवसांत त्याला सगळे व्हॉल्व्ह दाखवून द्यायचे, असा हुकूम होता.

दत्तू आवाज खाली घेऊन म्हणाला, "बाई, खालच्या आलीचा व्हॉल्व्ह मातीखाली गेलाय. माज्याशिवाय कोनाला ठाव नाय. याला दाखवू का नको?"

न दाखवला तर चार दिवसांत खालची आळी कोरडी पडेल, बायका हंडे घेऊन नानांच्या दारात जातील, आणि कदाचित दत्तूला परत बोलावणं येईल. कदाचित मुद्दाम पाणी तोडलं म्हणून त्याच्यावरच तक्रार होईल, आणि त्या आळीतली म्हातारीकोतारी फुकट तहानेने हैराण होतील. नवा माणूस हातातल्या फोनमधून डोकं वर काढून आमच्याकडे बघू लागला. माझ्या मनात एक वाक्य तयार होतं, नेहमीसारखं नीटस, ठाम. दत्तू माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, आणि मी जे सांगेन तेच तो करणार होता.