कुलूपवाल्या डॉक्टरांचा पेशंट

आमच्या भूमचे कुलूपवाले डॉक्टर शिंकले की परंड्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. आणि इतक्या दणदणीत आवाजाचा हा माणूस औषध कशावर द्यायचा? तर पुरुष ज्याबद्दल कुजबुजतसुद्धा नाहीत, त्या दुखण्यावर! दवाखान्यात ते बोलले की एसटी स्टँडवरचे प्रवासी माना वळवायचे. म्हणून तालुक्यातला एकही पुरुष त्यांच्याकडं स्वतःचं दुखणं घेऊन गेला नाही. प्रत्येक जण मित्राचं न्यायचा.

"डॉक्टरसाहेब, माझ्या एका मित्राला खाली जरा सूज आलीय."

"मित्राला टेबलावर झोपवा!" डॉक्टर गरजायचे. "आणि मित्राची नाडी तुमीच सोडा!"

आवाज गावभर जायचा, पण नाव कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. "साऱ्या तालुक्यात मित्र एकच हाय," ते म्हणायचे, "आन् त्याला बारा महिने सूज असती."

मीही असाच एक मित्र घेऊन गेलो. माझी खव्याची भट्टी आहे. भट्टीवर बसून दिवसाला सतरा थापा मारायचा माझा लौकिक. एक खरी गोष्ट तेवढी मी पोटात ठेवली होती. लग्नाच्या वर्षी मला ताप येऊन खाली सूज आली होती. लाजेनं मी ती अंगावर काढली. पुढं तीन वर्षं पाळणा हलेना, तेव्हा गावानं सगळा दोष माझ्या बायकोवर, सुनंदावर टाकला. आईनं तिला इतके उपास लावले की आठवड्यात जेवायला वार उरले नाहीत. मी मात्र खव्याचं पातेलं खरवडून खात गप्प.

डॉक्टरांनी तपासलं. सोलापूरहून रिपोर्ट आणवले. मग टेबलावरचं निजामाच्या काळातलं पितळी कुलूप माझ्यापुढं आदळलं. त्या कुलपाचं वजन एका रेडकाएवढं होतं. माझ्या मांडीवर पडलं असतं तर पुढची गोष्टच नव्हती.

"मित्राच्या गोटीमागची नळी सुजून कडक झालीय," ते म्हणाले. "जंतू मारायला गोळ्या हायत. पण पोलीस चोराला घेऊन गेले तरी गल्लीतली मारामारी चालूच राहते, तसं अंगाचं होतं. जंतू मेले तरी आग राहते. आगीनं वण पडतो, वणानं नळी बुजते. मित्राची अजून पुरती बुजली न्हाय. आता हे बघा. पेशीवर अशी कुलपं असतात, आन् हार्मोन म्हंजे किल्ली. काही कुलपं अशी, की नेमकी किल्ली फिरली की आतली आग शमते."

"मग ठोका की हार्मोनचं इंजेक्शन!" मी म्हणालो.

"पाव्हणं, ताकदीचं म्हणून मिळतंय ते घेतलं तर तुमचा बीज बनवायचा घरचा कारखानाच बंद पडंल. नेमकी किल्ली अजून घडायलीय. उंदरांवर प्रयोग चाललेत."

रोज दुपारी ते मोबाइलवर भिंग धरून त्या प्रयोगांबद्दल वाचायचे. "उंदराची सूज उतरली म्हणतात," असं ते अशा कौतुकानं सांगायचे, जणू उंदीर त्यांच्या भावकीतला. "माणसाचा नंबर लागंल तवा मी असंन का न्हाय, कुणास ठाऊक."

तोवर मला जुनंच औषध मिळालं: गोळ्या, लंगोट आणि भट्टीच्या धगीपासून सहा महिने सुट्टी. वर एक अट. "अर्धं औषध माझ्याकडं. अर्धं म्हंजे घरी जाऊन आईला सांगायचं, की दोष सुनंदाबाईत न्हाय."

घरी गेलो आणि म्हणालो, "आई, डॉक्टर म्हणतात दोघांच्याही अंगात उष्णता आहे." आईनं सुनंदाला दोन महिने सब्जा पाजला. सुनंदाला सगळं ठाऊक होतं. माझ्या गोळ्या तीच हातावर ठेवायची. आईला सांगा, असं ती एकदाही म्हणाली नाही. तेच जास्त टोचायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

ते माझ्याकडं न बघता कुलपाकडं बघत म्हणाले, "तुमी, का मित्रानं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज टेबलाच्या पलीकडं गेला नसेल.

पुढं दीड वर्षानं मुलगी झाली. आईनं श्रेय तुळजापूरच्या नवसाला दिलं. मी पेढे घेऊन गेलो, तर डॉक्टर दोन पेढे एकदम तोंडात टाकून म्हणाले, "देवीला देऊ द्या श्रेय. सुनंदाबाईंचं तेवढं राहिलंय." त्यानंतर दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाचा पेढा खाताना ते नुसतं भुवई उचलून विचारायचे. मी दर वर्षी खाली बघायचो.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. किल्ली घडायचीच राहिली. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली, तेव्हा इतके पुरुष लोटले की मागचे लोक परंड्याच्या हद्दीत उभे होते. एकेक जण उठून बोलू लागला. "मी एका मित्राला त्यांच्याकडं नेलं होतं." दुसरा उठला. "माझ्याही एका मित्राला फार गुण आला." अकरा जण बोलले, अकराही मित्राबद्दल.

माझी पाळी आली. समोर बायकांत आई बसली होती, शेजारी सुनंदा. तोंडात थाप तयार होती, देवाशप्पथ. पण डॉक्टरांच्या फोटोतली भुवई मला उचललेली दिसली.

"मित्र-बित्र कुणी नव्हता," मी म्हणालो. "सूज मला होती. दोष माझ्यात होता. उपास मात्र हिनं केले."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं हात लांब करून सुनंदाच्या गुडघ्यावर ठेवला. तेवढ्यात मागून एक रिटायर कंडक्टर उठले. "मी बी," म्हणाले आणि खाली बसले. मग आणखी एक. मग कोपऱ्यातून एक.

परत येताना सुनंदा मोटारसायकलवर माझ्या मागं बसली होती.

"आवाज लई मोठा निघाला तुमचा आज," ती म्हणाली.

"स्टँडपर्यंत गेला असेल," मी म्हणालो.

"जाऊ द्या की."