रिकाम्या पिस्तुलाचा मास्तर

भरलेल्या बंदुकीला सगळं जग भितं. रिकाम्या बंदुकीला भिणारा माणूस मात्र उभ्या बेंगळुरात एकच होता, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. चामराजपेटेत सारे त्यांना अण्णा म्हणत. उंच, किडकिडीत, सरकारी कचेरीत फायली सांभाळणारा सज्जन माणूस. पण कुणी छत्रीचं टोक त्यांच्याकडे केलं की टुणकन बाजूला होत. स्वतः कधी कुणाकडे बोट दाखवत नसत. पत्ता विचारणाऱ्याला नुसत्या हनुवटीने वाट सांगत, आणि तो बिचारा मार्केटला जायचा तो भलतीकडेच निघायचा. आत्याने लाटणं खाली ठेवलं की हे ते उचलून भिंतीकडे वळवून ठेवत. "अहो, लाटणं आहे ते!" आत्या करवादायची. "असू दे गं. सवय बरी," अण्णा म्हणत.

याचं मूळ आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. आमच्यात खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुसून देवापुढे मांडतात. अण्णांकडे तलवारींबरोबर त्यांच्या वडिलांचं परवान्याचं पिस्तूलही पूजेला असे. अण्णांच्या तरुणपणी एका खंडेनवमीला धाकट्या भावाने ते पुसायला घेतलं आणि विचारलं, "रिकामं आहे ना रे?" अण्णा फुलं निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "आहे." ते रिकामं नव्हतं. भाऊ जागच्या जागी गेला.

पण तो घर सोडून गेलाच नाही, असं अण्णा मानत. मानत कसलं, तसंच वागत! जेवताना डाव्या हाताला जागा सोडत. दार उघडून आत आले की मागून कुणी यायचं असल्यासारखं ते क्षणभर धरून ठेवत. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "अण्णा, स्वल्प सरका," तर हे म्हणत, "इथे बसलेत." आणि नवल म्हणजे कंडक्टर त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघायचा आणि मुकाट्याने पुढे जायचा. दुपारी ओसरीवर कॉफीचा दुसरा लोटा ठेवला जाई. थोड्या वेळाने तो रिकामा मिळे. "मांजर पिऊन जातं," असं आत्या सांगायची. मात्र सांगतानाही ती ओसरीकडे पाठ करत नसे.

चीनच्या लढाईनंतर शहरात नेमबाजीचे वर्ग निघाले, आणि पेन्शनीला टेकलेल्या अण्णांनी जाहीर केलं, "मी पिस्तुलाचा मास्तर होणार." आम्ही पोट धरधरून हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "नेम शिकवणारे पुष्कळ आहेत. मला एकच धडा द्यायचाय, दुसऱ्याच्या 'रिकामं आहे'वर विश्वास ठेवू नका. तेवढं शिकवल्याशिवाय मला सुखाने मरता यायचं नाही रे."

मास्तर व्हायचं तर आधी कुणाच्या तरी हाताखाली शिकून दाखला मिळवायला हवा. आता वर्ग निवडताना माणूस फी विचारतो, वेळ विचारतो. अण्णांना त्याचं काही नव्हतं. पंच्यात गुंडाळलेलं पिस्तूल काढायचं, मास्तरांपुढे धरायचं आणि म्हणायचं, "रिकामं आहे, पाहा." झाली परीक्षा. कँटोन्मेंटमधल्या निवृत्त कप्तानांनी ते झोकात घेतलं आणि कॅलेंडरवर रोखून घोडा ओढला. नुसतंच टक् झालं, पण अण्णा तोवर जिन्यात पोचले होते. एका क्लबच्या मास्तरांनी तर सरळ नळीत डोळा घातला. अण्णा पांढरेफटक पडले आणि डावीकडे वळून म्हणाले, "बघितलंस?" मास्तरांनी विचारलं, "कुणाला म्हणालात?" अण्णा पिस्तूल पंच्यात गुंडाळून उठले. आत्या म्हणाली, "बाई बाई! लग्नाला एवढ्या मुली पाहिल्या नव्हत्या यांनी!"

तिसऱ्या खेपेला तिने मला सोबत धाडलं. के. आर. पुरमच्या पलीकडे, दगडाच्या जुन्या खाणीत बेळगावकडचे एक म्हातारे जमादार शिकवत. वर ऊन रणरणत होतं, पण खाणीत उतरलो तसा गारवा अंगाला झोंबला. पाखराचासुद्धा आवाज नाही. आमच्या पावलांचा आवाज कातळावर आपटून परत येत होता, आणि दोन माणसांच्या मानाने तो मला जरा जास्तच वाटला. मी मागे वळून पाहिलं नाही, खोटं कशाला सांगू!

"रिकामं आहे, पाहा," अण्णा म्हणाले.

जमादारांनी पिस्तूल घेऊन नळी जमिनीकडे केली. "तुमी म्हणतासा म्हणून व्हय?" असं म्हणत चक्री उघडली आणि एकेका घरात करंगळी घालून पाहिली. मग ते उघडं पिस्तूल अण्णांपुढे धरलं. "आता तुमी बघा." अण्णांनी पाहिलं. मग मला दाखवलं. आणि मग जमादारांनी ते अण्णांच्या डावीकडे, मोकळ्या हवेत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर धरलं आणि थांबले.

"ह्यांना बी बघू दे की," ते म्हणाले. "ह्यांनीच तर बघायला पायजे."

आम्ही त्यांना काहीएक सांगितलेलं नव्हतं. अण्णा मटकन खाली बसले आणि हमसून हमसून रडू लागले. "मी बघायला हवं होतं रे बाळा," ते डावीकडे तोंड करून म्हणत होते, "मी न बघताच बोललो."

अण्णांनी तोच वर्ग धरला, दाखला मिळवला आणि खरोखर मास्तर झाले. त्यांचे विद्यार्थी नेमात यथातथाच असत, पण पिस्तुलाला हात लावण्याआधी एकजात "उघडून दाखवा!" म्हणत. अण्णांचा ऊर भरून यायचा.

पुढे एकदा मी भीत भीत त्यांना भावाबद्दल विचारलं.

"त्या दिवशी खाणीतून परत येताना बसमध्ये शेजारी पाहिलं, तर जागा मोकळी," अण्णा म्हणाले. "नंतर तो आलाच नाही."

"मग सरीच झालं की, अण्णा, बरंच झालं. सुटला तो."

"हो, हो. सरी झालं. त्याचं सरी झालं." मग हळूच म्हणाले, "पण इतक्या वर्षांची सोबत होती रे. आता स्वल्प एकटं वाटतं."